शांतिनिकेतनची रेघ, सेवाग्रामची माती

भारतीय आधुनिक चित्रकलेची गोष्ट मराठीत सांगितली जाते तेव्हा ती बहुधा मुंबईत सुरू होते. जे. जे. स्कूल, १९४७ चा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप, सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. विदर्भाचं नाव आलंच तर सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले आणि वासुदेव गायतोंडे यांचा जन्म नागपूरचा, एवढ्यापुरतं. दोघंही इथून गेले आणि मोठे झाले. रझांनी १९४३ मध्ये नागपूर सोडून मुंबई गाठली. त्यानंतर वर्षभरातच त्यांच्याच वयाचा एक चित्रकार नेमका उलट्या दिशेनं विदर्भात आला. नाव देवीप्रसाद. शांतिनिकेतनच्या कलाभवनातलं शिक्षण संपवून १९४४ मध्ये तो वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात कलाशिक्षक म्हणून रुजू झाला आणि तिथे १९६२ पर्यंत राहिला.

तेविसाव्या वर्षापासून चाळिशीपर्यंतची ही वर्षं कुठल्याही चित्रकाराच्या आयुष्यात शैली घडण्याची असतात. देवीप्रसादांनी ती खेड्यातल्या मुलांना शिकवण्यात घालवली, म्हणून त्यांच्यातला चित्रकार तिथे थांबला आणि शिक्षक उरला, असा समज सहज होतो. मला तो पटत नाही. त्यांच्या हाताला जे वळण लागलं, ते सेवाग्रामातच लागलं. ते कॅनव्हासवर दिसत नाही, कारण ते चित्राच्या चौकटीबाहेर घडलं.

आधी शांतिनिकेतन पाहायला हवं. देवीप्रसाद मूळचे देहरादूनचे, जन्म १९२१. १९३८ मध्ये ते कलाभवनात दाखल झाले. त्या वर्षी त्या आवारात काय चाललं होतं ते आठवलं की हेवा वाटतो. रामकिंकर बैज उघड्या माळावर सिमेंट आणि खडीतून संथाळ कुटुंबाचं शिल्प उभं करत होते. डोक्यावर ओझं, कडेवर मूल, सोबत कुत्रं. चालत निघालेली साधी माणसं, पण आकार एखाद्या स्मारकाचा. विनोदबिहारी मुखर्जी बीरभूमच्या उजाड लाल जमिनीकडे बघून कमीत कमी खुणांत निसर्गचित्र कसं उभं राहतं हे दाखवत होते. आणि गुरू नंदलाल बोस नुकतेच हरिपुरा काँग्रेसचं काम करून आले होते.

हे हरिपुराचं काम देवीप्रसादांच्या पुढच्या वाटेसाठी महत्त्वाचं आहे. त्याची सुरुवात आपल्या खानदेशात, फैजपूरला झाली होती. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरलं, तेव्हा गांधीजींनी नंदलालना बोलावून घेतलं आणि आसपास मिळेल त्या बांबू-गवतातून सारं उभारायला सांगितलं. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरासाठी नंदलालांनी भित्तिफलक रंगवले. त्यांत ढोलकवाले, लोहार, धान्य कांडणाऱ्या बायका, शेतकरी आहेत. मातीचे रंग, जाड आणि जोरकस रेघ, जाता-येता माणसाच्या डोळ्यांत भरेल अशी मांडणी. चित्र कुणासाठी आणि कशानं काढायचं, हा प्रश्न नंदलालांनी तिथे प्रत्यक्ष कामातून सोडवला होता. देवीप्रसाद अशा गुरूच्या हाताखाली सहा वर्षं होते. पुढे दिनकर कौशिक आणि सत्यजित राय हेही तिथे विद्यार्थी म्हणून आले. रवींद्रनाथ १९४१ पर्यंत हयात होते आणि उतारवयात स्वतः झपाटल्यासारखी चित्रं काढत होते.

कलाभवनात भित्तिचित्राचं शिक्षणही मिळे, आणि तिथली एक गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो. ओल्या चुन्यावर रंगवताना रेघ एकदाच मारता येते. चुना पाणी शोषतो, रंग आत जातो, आणि हात अडखळला तर ते अडखळणं भिंतीत कायमचं राहतं. या तालमीचा उपयोग देवीप्रसादांना फार नंतर, भिंतीऐवजी भांड्यावर झाला.

सेवाग्राम त्यांना अगदी परकं नव्हतं. गांधीजींच्या ‘नई तालीम’ या शिक्षणयोजनेची धुरा सांभाळणारे ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि आशादेवी हे दांपत्यही शांतिनिकेतनहून आलेलं. आर्यनायकम श्रीलंकेचे, आशादेवी बंगाली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं आराखडा केला आणि त्यातून हिंदुस्तानी तालीमी संघ उभा राहिला. त्या आराखड्यात हस्तव्यवसाय केंद्रस्थानी होता, पण मातृभाषा, गणित, विज्ञान यांच्याबरोबर चित्रकला आणि संगीतही होतं. बाहेर मात्र ही योजना टकळी आणि सूत यापुरतीच ओळखली गेली. आजही नई तालीम म्हटलं की लोकांना चरखा आठवतो. चित्रकलेचा तास होता, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

मे १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर गांधीजी शिक्षणाचा अर्थ आणखी रुंद करू पाहत होते. जानेवारी १९४५ च्या सेवाग्राम परिषदेत नई तालीम म्हणजे जन्मापासून मरणापर्यंतचं शिक्षण असा विचार पुढे आला. शांताबाई नारुलकर गावातल्या अगदी लहान मुलांची पूर्व-बुनियादी शाळा चालवत होत्या. अशा वेळी आलेल्या तरुण चित्रकारापुढे दोन ओढी होत्या. रवींद्रनाथांच्या शाळेत कला म्हणजे मोकळेपणा, आनंद, उत्सव. गांधीजींच्या शाळेत हातांनी केलेली वस्तू उपयोगी पडली पाहिजे, तिचा हिशेब लागला पाहिजे. देवीप्रसादांनी यांतली एक ओढ निवडून दुसरी सोडली नाही. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचा ताण आणि कस यातूनच आला.

मुलांच्या चित्रांबद्दल त्यांची भूमिका त्या काळच्या शाळांना न झेपणारी होती. चित्रकलेचा तास म्हणजे फळ्यावरचा आंबा वहीत उतरवणं, असं बहुतेक ठिकाणी चाले. देवीप्रसादांनी नक्कल बाजूला ठेवली. मूल जे पाहतं, त्याला जे महत्त्वाचं वाटतं, ते त्याच्या पद्धतीनं कागदावर येऊ द्यायचं. वर्ध्याकडच्या मुलांचं जग म्हणजे काळी जमीन, कापसाची वेचणी, बैलजोडी आणि पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून मिरवणाऱ्या मुलांना हाताचं कौतुक कुणी शिकवावं लागत नाही. शाळेनं ते दडपलं नाही म्हणजे झालं. रंगांचंही तसंच. दुकानातली रंगपेटी खेड्यातल्या शाळेला परवडत नव्हती, पण गेरू, चुना आणि कोळसा गावात मिळतातच. नंदलालांनी हरिपुरात मोठ्या मापावर जे केलं, ते इथे लहान मुलांच्या हातात आलं.

याच सुमारास, १९४३ मध्ये, इंग्लंडात हर्बर्ट रीड यांचं ‘एज्युकेशन थ्रू आर्ट’ प्रसिद्ध झालं होतं. रीड यांनी तत्त्व मांडलं. देवीप्रसादांनी ते वर्षानुवर्षं मुलांसोबत तपासलं. त्या अनुभवातून त्यांनी बालकला आणि शिक्षण यांवर जे लिहिलं, ते पुढे नॅशनल बुक ट्रस्टनं १९९८ मध्ये इंग्रजीत ‘आर्ट: द बेसिस ऑफ एज्युकेशन’ या नावानं आणलं. नावातच सारं आहे: कला हा शिक्षणाचा पाया, वेळापत्रकात शुक्रवारी शेवटच्या तासाला ढकलायचा विषय नव्हे. शिक्षक प्रशिक्षणात हे पुस्तक वाचायला हवं, असं मला कळकळीनं वाटतं.

आता मातीकडे. सेवाग्रामात देवीप्रसाद कुंभारकामाकडे वळले. हा वळसा वरवर शाळेच्या गरजेचा दिसतो, पण चित्रकाराच्या दृष्टीनं तो मोठा होता. विदर्भाची काळी कपाशीची माती पिकाला चांगली, चाकावर मात्र हट्टी. ती पाणी पिऊन फुगते, वाळताना आकसते आणि तडकते. कुंभार तिच्यात दुसरी माती, राख, लीद मिसळून तिला वळणावर आणतो. कागद चित्रकाराला असा विरोध करत नाही. चाकावर बसलेल्या माणसाला आधी पदार्थाचं ऐकावं लागतं. शिवाय भांडं कुणाच्या तरी घरात वापरलं जाणार असतं. त्याचा काठ ओठाला लागतो, बूड जमिनीवर टेकतं, ते धरताना हाताला नीट वाटलं पाहिजे. शांतिनिकेतनात शिकलेल्या आकाराच्या जाणिवेला इथे उपयोगाची कसोटी लागली.

आणि वर सांगितलेली रेघ इथे परतली. कच्च्या झिलईवर किंवा एकदा भाजलेल्या मातीवर कुंचला टेकवला की पाणी लगेच शोषलं जातं. खोडता येत नाही, गिरवता येत नाही. भट्टीतून निघेपर्यंत रंगही आपला खरा चेहरा दाखवत नाही. ओल्या चुन्याच्या भिंतीवर शिकलेला हात भांड्यावर का रमला, हे यावरून कळतं. चित्रकार कुंभार झाला असं म्हणण्यापेक्षा त्याच्या रेघेनं नवी भिंत शोधली, आणि ती भिंत गोल होती.

गांधीजी ऑगस्ट १९४६ मध्ये सेवाग्राम सोडून गेले ते परत आलेच नाहीत. म्हणजे देवीप्रसादांना त्यांचा सहवास मिळाला तो जेमतेम दोन वर्षं, तोही तुटक. तरी ते पुढे सोळा वर्षं तिथेच राहिले. त्यांनी ‘नई तालीम’ मासिकाचं संपादन केलं. छायाचित्रणही ते करत. १९४९ च्या डिसेंबरात जागतिक शांततावाद्यांची बैठक आधी शांतिनिकेतनात आणि मग सेवाग्रामात भरली; त्यांच्या आयुष्यातली दोन्ही गावं जणू एका सूत्रात ओवली गेली. १९५१ नंतर विनोबांच्या भूदानानं कार्यकर्त्यांना पदयात्रेत ओढलं. सरकारच्या शिक्षणखात्यांनी बुनियादी शाळा कागदावर स्वीकारल्या आणि व्यवहारात कोमेजू दिल्या. तालीमी संघ पुढे सर्व सेवा संघात विलीन झाला. सेवाग्रामचा कलावर्ग देशभरच्या शाळांत पोचायला हवा होता. तो पोचला नाही, ही हानी मोठी आहे आणि ती अजून भरून आलेली नाही.

१९६२ मध्ये देवीप्रसाद लंडनला गेले, ते वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल या युद्धविरोधी संघटनेचे सरचिटणीस म्हणून. दहा वर्षं ते पद आणि नंतर १९७५ पर्यंत अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं. व्हिएतनाम युद्धाचा विरोध, सक्तीच्या लष्करभरतीला नकार देणाऱ्यांना साहाय्य, १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियावरच्या आक्रमणाविरुद्ध थेट मॉस्को, वॉर्सा, बुडापेस्ट आणि सोफियात एकाच वेळी केलेली निदर्शनं, या सगळ्यांत संघटना पुढे होती. त्याच वर्षी त्यांनी टोनी स्माइथ यांच्यासोबत सक्तीच्या लष्करभरतीचा देशवार आढावा घेणारं पुस्तक संपादित केलं. सेवाग्रामात वाढलेले त्यांचे चिरंजीव सुनंद प्रसाद पुढे ब्रिटनमध्ये वास्तुविशारद झाले आणि तिथल्या वास्तुविशारदांच्या राजमान्य संस्थेचे अध्यक्षही.

कलेच्या दृष्टीनं हा काळ मला विरळ वाटतो. संघटनेच्या कामाची किंमत त्यांच्यातल्या कलावंतानं मोजली, हे मान्य करायला हवं. रझा तेव्हा फ्रान्समध्ये होते. तिथली निसर्गचित्रं मागे टाकून ते हळूहळू बिंदूकडे चालले होते आणि बाजारही त्यांच्यामागे येत होता. देवीप्रसादांच्या कामाला गॅलरीच्या जगात असं ठिकाण कधी मिळालं नाही.

१९८३ मध्ये ते भारतात परतले, दिल्लीत राहिले आणि चाकाशी बसले. आता भाजणी उंच तापमानाची होती. गावातल्या आव्यात साध्या मातीच्या भांड्याला हजार अंशांच्या आत-बाहेर आच लागते. स्टोनवेअरला साडेबाराशेच्या पुढे. माती दगडासारखी घट्ट होते, झिलई तिच्यात मुरते. या भांड्यांवरच्या कुंचल्याच्या खुणा पाहिल्या की कलाभवनातला विद्यार्थी ओळखता येतो: थोडक्यात सांगणारा, मोकळी जागा राखणारा, एका दमात रेघ सोडणारा. आकारांत मात्र सेवाग्राम आहे. भांडं आधी भांडं म्हणून नीट उभं राहतं, मग त्याच्यावर चित्र येतं.

२०१० मध्ये नवी दिल्लीत ललित कला अकादमीच्या दालनांत त्यांच्या कामाचं सिंहावलोकन करणारं प्रदर्शन भरलं. कलेतिहासकार नमन आहुजा यांनी ते घडवलं आणि त्यावरचा त्यांचा ग्रंथही आला. ग्रंथाच्या नावात त्यांनी देवीप्रसादांना कलावंत-कारागीर म्हटलं आहे. योगायोग असा की त्याच वर्षाच्या अखेरीस रझाही फ्रान्स सोडून कायमचे दिल्लीला परतले. लहानपणी मंडल्याला पाहिलेल्या गांधीजींवर त्यांनी नंतर एक चित्रमालिका केली. ती गाजली, आणि ते योग्यच झालं. देवीप्रसाद १ जून २०११ रोजी गेले.

त्यांच्या कामाकडे पाहताना चित्रं वेगळी, भांडी वेगळी, मुलांचा वर्ग वेगळा, असे कप्पे केले की प्रत्येक कप्पा अपुरा भासतो. चित्रं नंदलालांच्या शाळेतली चांगली चित्रं ठरतात, भांडी कुंभारकलावंत गुरचरण सिंगांच्या पिढीनंतरची चांगली भांडी ठरतात, वर्ग एक चांगला प्रयोग ठरतो. सगळं एकत्र ठेवलं की मगच दिसतं की हा एकाच शैलीचा प्रवास आहे, आणि त्याचा मधला टप्पा वर्धा जिल्ह्यात घडला. महाराष्ट्राच्या कलेतिहासात त्या अठरा वर्षांना एक प्रकरण मिळायला हवं. त्यासाठी दिल्लीतल्या भांड्यांबरोबर ‘नई तालीम’चे जुने अंक आणि सेवाग्रामच्या मुलांनी काढलेली चित्रंही एकाच टेबलावर आणावी लागतील.