घडीची होडी घेताना

मडगावच्या फ्लॅटमध्ये पंधरा फुटी कयाक ठेवणार कुठे? म्हणून आधी हवा भरायची घेतली. पाळोळ्याला सकाळच्या मतलई वाऱ्याने मला आणि लेकीला किनाऱ्यापासून दूर लोटलं. परत येईतो माझे हात भरून आले, लेक गप्प झाली.

मग घडीची घेतली: आत ॲल्युमिनियमचा सांगाडा, वर जाड कापड. पाण्यात खोल बसते, वाऱ्याला सहसा दाद देत नाही. लाकडी सांगाड्याच्या अशाच क्लेपर होडीतून हानेस लिंडेमान यांनी १९५६ मध्ये अटलांटिक ओलांडला.

तुम्ही घेणार असाल तर आधी स्वतः जोडून पाहा, वजन उचलून पाहा. दोन्ही टोकांना हवेच्या पिशव्या हव्यातच; पाणी शिरलं तरी होडी तरंगते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर सांधे खाऱ्याने अडकतात.

लेक आता पुन्हा पुढे बसते. लाइफ जॅकेट मात्र आधी माझं तपासते.