माजघरातला उजेड

गुहागरात रस्त्याच्या पश्चिमेकडच्या जुन्या घरांचे तोंड रस्त्याकडे आणि पाठ समुद्राकडे. मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडी संपली की वाळू. आमचे घरही त्यांतलेच. थोरले बंधू गेल्यापासून तिथे वहिनी एकट्याच असतात. मागच्या पावसाळ्यात माजघरातून पडवीत उतरताना त्यांची पायरी चुकली. हाड मोडले नाही, हे नशीब. 'आता पुण्याला चला,' असा मुलांनी धोशाच लावला. वहिनींचे उत्तर एकच : "पायरी दिसली नाही, एवढंच. त्यासाठी घर कशाला सोडायचं?"

माघात रंगकाम काढायचे ठरले, तेव्हा मी मुद्दाम गेलो. माजघराच्या भिंतींना कमरेपर्यंत गडद हिरवा ऑइलपेंट होता. एके काळी ती आधुनिकपणाची खूण. आता त्याला फोड आले होते. नखाने टोकरले की पापुद्रा निघे आणि आतून ओलसर भुसा गळे. कारण साधे आहे. चिऱ्याची भिंत ओल पिते, आणि ती ओल बाहेर पडायला वाट लागते. तेलाचा रंग ती वाट बुजवतो. मग ओलीबरोबर आलेले क्षार रंगाच्या आड साठतात आणि रंगालाच बाहेर ढकलतात. आपण म्हणतो, भिंतीला लोणा लागला.

पुतण्याने शेडकार्ड आणले होते. समुद्राकाठचे घर, म्हणून त्याला समुद्रासारखा निळसर हिरवा रंग हवा होता. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो सुरेख दिसला. भिंतीवर हातभर लावून पाहिला, तर निव्वळ शेवाळ! मग ध्यानात आले, की या माजघरात उजेड येतो तोच मुळी वाडीतून गाळून, हिरवा होऊन. त्यात भिंतही हिरवी केली तर माणसाचा चेहरासुद्धा आजारी दिसायचा. रंग निवडायचा तो त्याच खोलीत, सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला पाहून.

शेवटी आम्ही चुन्याकडे वळलो. जुना रंग पार खरवडून काढला, कारण तेलावर चुना धरत नाही. चुनकळी विझवून आठवडाभर भिजू दिली, कापडातून गाळली, त्यात डिंकाचे पाणी घातले. पिवळी माती आणि चिमूटभर गेरू मिसळला. तांबूस छटेने हिरवेपणा कापला जातो. भिंत ओली करून पातळ तीन हात दिले. हा रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की बराच उतरतो. तेव्हा आधी नमुना लावून तो वाळू द्यावा. चुना डोळ्यांत उडू न देण्याची काळजी मात्र घ्यायलाच हवी. चौथ्या दिवशी भिंती केशर घातलेल्या दुधासारख्या झाल्या.

राहिली ती पायरी. वरची जमीन लाल कोब्याची, पडवीचीही लालच. वहिनींच्या डोळ्यांत मोतीबिंदू. वयाबरोबर डोळ्यांना उजेड अधिक लागतो, आणि एकाच रंगातली कड वेगळी कळत नाही. पायरीच्या काठाला चार बोटे रुंद पांढरा पट्टा ओढला. पाय घसरू नये म्हणून रंगात थोडी बारीक वाळू घातली. हा रंग मात्र ऑइलपेंटच. भिंतीवरून हद्दपार झालेल्याला योग्य जागा मिळाली.

संध्याकाळी वहिनी सूप घेऊन माजघरात बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "भावोजी, आज दिवा न लावता तांदूळ निवडले."

यंदाच्या पावसात वहिनी गुहागरातच राहिल्या. पुण्याचा विषय मुलांनीही काढला नाही. पट्टा मात्र पायांखाली झिजतो, दरवर्षी रंगवावा लागणार. ते काम पुतण्याने आपणहून पत्करले आहे.