शून्य लिहायची मुभा

जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गुलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढू लागले. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्यातूनही पसरणारा जिवाणू सापडला. मग नांदेड गावची विहीर चर्चेत आली. खडकवासल्याचं पाणी या विहिरीतून जलशुद्धीकरण केंद्राशिवाय, नुसतं क्लोरिन घालून घरोघर जात होतं. नांदेड 2021 मध्येच पुणे महापालिकेत आलेलं गाव. संपादकांनी विचारलं, "जिथे महापालिका नाहीच, तिथे क्लोरिन कोण घालतं?" त्याचं उत्तर शोधायला मी जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका लहान गावात गेले.

कागदावर हे उत्तर तयार आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक क्लोरिन घालतो. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावातल्या पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि जोखमीप्रमाणे ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं कार्ड टिकलं आणि साथ आली नाही, तर चंदेरी. 2019 मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज 55 लिटरचं उद्दिष्ट ठेवलं आणि गावोगाव पाच-पाच महिलांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायचं ठरवलं. या गावच्या कार्यालयात हिरवं कार्ड सरपंचांच्या खुर्चीमागे लावलेलं आहे. ते बघून झालं आणि मी टाकीकडे निघाले.

जलसुरक्षक हा शब्द गावात कुणी वापरत नाही. त्याला सगळे वॉलमन म्हणतात. मोटर चालू करणं, व्हॉल्व्ह फिरवणं, फुटलेली पाइप जोडणं, पाणीपट्टीची बिलं वाटणं आणि टीसीएल घालणं, सगळं त्याच्याचकडे. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. टाकी पन्नास हजार लिटरची. हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणून अडीचशे ग्रॅम. हे माप त्याने एका स्टीलच्या डब्यावर खिळ्याने रेघ मारून कायमचं करून ठेवलंय.

पावडर तो थेट टाकीत टाकत नाही. आधी प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात तिची पेस्ट करतो, मग बादली भरून ढवळतो आणि बाजूला ठेवून देतो. चुना तळाशी बसला की वरची निवळी तेवढी टाकीत ओततो. "चुना आत गेला तर पाणी जड होतं, टाकीत गाळ साचतो. नवीन पोरं सरळ पुडा उलटा करतात," तो म्हणाला. मग किमान अर्धा तास थांबायचं. क्लोरिनला जंतू मारायला वेळ लागतो. खालच्या आळीतून फोन येतात, "पाणी का सोडलं नाही?" तो फोन उचलत नाही.

मला खरं गुंतवलं ते पुढच्या दहा सेकंदांनी. टाकीजवळच्या नळाखाली त्याने काचेची नळी धरली आणि ऑर्थोटोल्युडीनचे थेंब सोडले. पाणी लिंबासारखं पिवळं झालं. मुक्त क्लोरिनचा रंग लगेच बघायचा असतो. उशीर केला तर इतर घटकांशी जोडला गेलेला क्लोरिनही रंग देऊ लागतो आणि पाणी आहे त्याहून सुरक्षित वाटतं. त्याने नळी रंगपट्टीशेजारी धरली, डोळे बारीक केले आणि वहीत आकडा लिहिला. पण भारतीय मानक आयएस 10500 मधला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅमचा आकडा टाकीजवळ मोजून भागत नाही, तो गावाच्या टोकाच्या नळाला मिळायला हवा. म्हणून आम्ही मोटरसायकलवरून शेवटच्या वस्तीवर गेलो. तिथे रंग इतका फिका होता, की मला तो दिसलाच नाही. "आहे, पण नसल्यासारखा," तो म्हणाला.

का, ते त्याने सांगितलं नाही, वाटेवर दाखवलं. पाणी दिवसातून तासभर सुटतं. उरलेले तास पाइप रिकामी असते, आणि रिकामी होताना ती बाहेरचं आत ओढते. जिथे पाइप गटाराच्या कडेने गेली आहे आणि सांधा सैल आहे, तिथे गटारही आत येतं. टाकीतून निघालेला क्लोरिन वाटेतच त्या घाणीवर खर्च होतो. गावं चोवीस तास पाणी मागतात ती सोयीसाठी, पण भरलेली पाइप हे रोगाविरुद्धचं संरक्षणही असतं. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी देऊन नाव कमावलं. या गावाच्या विजेला आणि विहिरीला ते झेपणारं नाही.

दुसरी अडचण गोदामात. टीसीएल ताजी असते तेव्हा तिच्यात साधारण 33 टक्के क्लोरिन असतो. दमट हवेत उघडी पडलेली गोणी तो गमावत जाते. 20 टक्क्यांवर आलेल्या पावडरीचे तेवढ्याच कामाला चारशे ग्रॅमहून जास्त लागतात, आणि त्याखाली गेली तर ती वापरायचीच नाही. डब्यावरची रेघ मात्र अडीचशेलाच आहे. पावसाळ्यात, नेमकी जास्त गरज असताना, पावडर सर्वांत दुबळी असते. नमुना प्रयोगशाळेत जाऊन अहवाल येईपर्यंत निम्मी गोणी संपलेली असते.

तिसरी अडचण जिभेची. क्लोरिन नीट पडला की तक्रार येते, "पाण्याला औषधाचा वास मारतो." क्लोरिन नसला की कुणीच बोलत नाही. ज्यांना परवडतं ते वीस लिटरचा जार घेतात आणि त्या जारची वही कुणी तपासत नाही. पुण्यात त्या साथीच्या वेळी खासगी आरओ केंद्रांचं पाणीही दूषित निघालं होतं.

माझी खरी काळजी मात्र वॉलमनच्या वहीची आहे. मी मागची पानं चाळली. 0.2, 0.2, 0.2. पाऊस असो, वीज नसो, सांधा फुटलेला असो, 0.2. मी विचारलं तेव्हा तो हसला. "कमी लिहिलं की वरून विचारणा होते. पावडर मात्र येत नाही."

मे 2000 मध्ये कॅनडातल्या वॉकर्टन या पाच हजार वस्तीच्या गावात सात माणसं मेली आणि दोन हजारांवर आजारी पडली. मुसळधार पावसात शेणखताचे जंतू एका उथळ विहिरीत उतरले होते. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशीत उघड झालं, की तिथले कर्मचारी वर्षानुवर्षं क्लोरिन न मोजता ठरावीक आकडे लिहीत होते. ते स्वतःही तेच पाणी पीत असत. आपलं पाणी चांगलंच आहे, असा त्यांचा विश्वास होता. श्रीमंत देश, पगारी नोकर, कडक नियम. तरी शेवटी सगळं एका माणसाच्या पेनावर आलं.

आपल्याकडे तो माणूस तुटपुंज्या मानधनावर, कधीकधी तेही थकलेलं असताना, पहाटे टाकीवर चढतो. त्याला प्रशिक्षणाचं आणखी एक प्रमाणपत्र नको आहे. त्याला तारखेसह सीलबंद पावडर हवी, ती लहान पुड्यांत हवी, वस्तीवरच्या नळाला मोजायला पेट्रोलचे पैसे हवेत. आणि ज्या दिवशी वहीत शून्य लिहिलं जाईल, त्या दिवशी त्याच्याकडे नोटीस येण्याऐवजी दुरुस्तीची गाडी यायला हवी. एकदा जरी नोटीस आली, तर ते शून्य पुन्हा कधीच दिसणार नाही, आणि कार्ड हिरवंच राहील.