माळाला सावली नको

सासवड, इंदापूर, सोलापूरकडच्या माळांवर पावसाळ्याच्या तोंडावर खड्डे खणले जातात, गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली जाते. हेतू चांगला, जागा चुकीची. हे माळ म्हणजे तोडून उजाड झालेलं जंगल नव्हे. गवत आणि मधूनमधून विरळ झाडं हेच त्यांचं मूळ रूप. शास्त्रज्ञ त्याला सव्हाना म्हणतात. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी तेराव्या शतकापासूनचं मराठी वाङ्मय आणि लोकगीतं चाळून पश्चिम महाराष्ट्रातल्या ४४ रानवनस्पतींचे उल्लेख गोळा केले. त्यांतल्या २७ सव्हानाच्या निघाल्या. म्हणजे ज्ञानदेवांच्या काळापासून तरी हा माळ माळच आहे.

पवन्या, मारवेल, कुसळी ही इथली गवतं रणरणत्या उन्हात वाढणारी. दाट सावलीत ती खुरटतात. कुसळीचं बी हातावर घेऊन पाहा. पुढे सुईसारखं टोक, मागे पिळदार लांब शेपटी. ओल लागली की पीळ उलगडतो, शेपटी फिरू लागते आणि बी आपसूक मातीत रुततं. तेच कुसळ मेंढीच्या लोकरीतून कातडीत घुसतं. म्हणून मेंढपाळ कुसळी कोवळी असताना चारतो आणि कुसळं धरली की कळप दुसरीकडे वळवतो. माळाची ही जाण पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

दख्खनचा लांडगाही याच मेंढपाळ धनगरांवर विसंबून आहे. काळवीट आणि चिंकारा थोडे उरल्यामुळे त्याचं पोट बरंचसं शेळ्यामेंढ्यांवर भरतं. मेंढरू जातं धनगराचं. भरपाईची तरतूद आहे, पण आज इथे तर उद्या तिथे असणाऱ्या वाड्याला, म्हणजे धनगरांच्या फिरत्या तळाला, पंचनाम्यासाठी थांबणं परवडत नाही. लांडगा वाचवायचा तर ही भरपाई वाड्यापर्यंत चालत गेली पाहिजे.

लोकांना वगळून काय होतं, ते सोलापूरजवळच्या नान्नजने दाखवलंय. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी तिथे जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावंच्या गावं आणि खासगी शेतं आली, जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली, रोष वाढला. पुढे क्षेत्र बाराशेच्या आसपास आणावं लागलं, आणि माळढोक आता तिथे क्वचितच दिसतो. याउलट इंदापूरच्या कडबनवाडीत वनविभागाने गवताळ सफारी सुरू केली असून तिथे गावातलीच मुलं पाहुण्यांना चिंकारा दाखवतात. माझ्या मते ही वाट जास्त टिकाऊ आहे, मात्र चराईचा हक्क आणि वाड्यांच्या वाटाही तिच्यात हव्यात.

यंदा वृक्षारोपणाला निघालात, तर आधी त्या भागातल्या मेंढपाळाला विचारा, इथे पूर्वी काय उगवायचं? उत्तर ‘गवत’ असेल, तर रोपं ओढ्याकाठी, शाळेभोवती, गावठाणात लावा. माळ मोकळा सोडा.