ट्राम धावायच्या आधी

रोह्याच्या एका वाचकांनी विचारलंय: “१० मे २०२४च्या रात्री सौरवादळ आलं म्हणून लडाखच्या हानलेला आकाश लाल झालं. आम्ही गच्चीवर जागलो, डासांपलीकडे काही भेटलं नाही. वादळ आपल्याकडे आलंच नव्हतं का?”

आलं होतं. फक्त ते बघायला गच्ची ही जागा चुकीची. पेणहून निघायचं, वडखळ नाक्याने सोडलंच तर तासाभरात अलिबाग. तिथे समुद्राजवळ एक वेधशाळा आहे. पुष्कळांना वाटतं तिथे पावसाचा अंदाज काढतात. प्रत्यक्षात १९०४पासून तिथे मोजलं जातंय ते पृथ्वीचं चुंबकत्व.

ध्रुवीय प्रकाश ध्रुवांजवळचा. हानलेला दिसली ती त्याची फार उंचावरची लाल कड. आपल्या अक्षांशावर वादळाची खूण वेगळी असते. सूर्याकडून आलेल्या झोतामुळे विषुववृत्ताच्या वर, हजारो किलोमीटर उंचीवर, विद्युतभारित कणांचं एक कडं पृथ्वीभोवती जोरात वाहू लागतं. त्याचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट दिशेचं. त्यामुळे अलिबागला क्षेत्राचा आडवा घटक, एरवी साधारण ३८,००० नॅनोटेस्ला असणारा, खाली येतो. मे २०२४मध्ये जगभरची सरासरी घसरण सुमारे ४०० नॅनोटेस्ला होती, म्हणजे जेमतेम एक टक्का. तुमच्या होकायंत्राला पत्ताही लागला नसता. “मोबाईल बंद पडणार” म्हणून दोन दिवस ओरडणाऱ्या वाहिन्यांनाही लागला नाही, पण ते असो.

एक टक्क्याची घसरण ओळखायची तर रोजची हालचाल आधी पाठ असावी लागते. आणि इथे वाचक रोह्याचे आहेत हे माझं भाग्य, कारण कुंडलिकेइतकं चांगलं उदाहरण मला दुसरीकडे मिळालं नसतं. भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटलं की कोलाडला नदी फुगते. राफ्टिंगवाले त्यावरच पोट भरतात. पाऊस नाही, काही नाही, तरी नदी चढते आणि उतरते. ज्याला हे ठाऊक नाही तो रोज पूर आला म्हणून धावेल. चुंबकीय क्षेत्राचंही तसंच. उन्हामुळे वरच्या वातावरणात विजेचे प्रवाह सुरू होतात आणि दुपारच्या सुमारास सुई काही दशक नॅनोटेस्लांनी सरकून परत येते. हे भिऱ्याचं पाणी. वादळ म्हणजे जुलैतला पूर.

आता पुराचा स्वभाव शोधायचा आहे असं समजा. एक पूर पहाटे आला, एक भरदुपारी, एक मध्यरात्री. घड्याळाप्रमाणे सगळ्यांची सरासरी काढलीत तर हाती चिखल लागेल. पण प्रत्येक पुराचे तास तो चढायला लागल्या क्षणापासून मोजा आणि मग एकमेकांवर ठेवा: भिऱ्याच्या पाण्याची ओढाताण आपोआप पुसली जाते आणि पुराचा एकच आकार वर येतो. चुंबकीय वादळांच्या बाबतीत हे ज्यांनी अगदी सुरुवातीला करून पाहिलं त्यांत मुंबईचे नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस होते. आधी क्षेत्रात छोटी उसळी, मग खोल घसरण, मग दिवस दिवस चालणारी संथ भरपाई, हा आकार त्यांच्या १९१०च्या ग्रंथात आहे. १८४६ ते १९०५ अशा साठ वर्षांच्या नोंदी त्यांनी त्यात पिंजून काढल्या. सिडनी चॅपमन यांचा चुंबकीय वादळांवरचा प्रसिद्ध निबंध १९१८चा. पाठ्यपुस्तकात चॅपमन भेटतात. मूस भेटायला अलिबागलाच जावं लागतं.

मूस एडिंबरोला शिकून आलेले, एल्फिन्स्टन कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे. १८९६ साली ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले; चुंबकत्वाच्या नोंदी तेव्हा तिथेच होत. आणि थोड्याच वर्षांत मुंबईने घोड्यांच्या ट्राम काढून विजेच्या आणायचं ठरवलं. विजेच्या ट्रामला प्रवाह वरच्या तारेतून मिळतो आणि रुळांतून परत जातो. पण सगळा रुळांतून जात नाही, वाट सापडेल तसा जमिनीत पसरतो. त्या भटक्या प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र कुलाब्याच्या नाजूक सुयांना पुरेसं होतं. गिरगावात ट्राम सुटली की वेधशाळेत वादळ!

शहराची वीज अडवणं कुणाच्या हातात नव्हतं, तेव्हा सुयाच हलवायच्या. मुंबईच्या आग्नेयेला सुमारे तीस किलोमीटरवर, मध्ये समुद्र असलेलं अलिबाग ठरलं. इमारतीला पोरबंदरचा दगड आणला, कारण कोकणच्या काळ्या कातळात स्वतःचंच चुंबकत्व असतं. लोखंडाला मज्जाव. बिजागरी-खिळ्यांसाठी तांबं-पितळ. (आपल्याकडे वास्तूत काय असावं यावर पुष्कळ बोललं जातं; या वास्तूत काय नसावं याचा विचार मला जास्त पटतो.)

पण मूस यांची खरी हुशारी मला दगडात नाही, त्यानंतरच्या दोन वर्षांत दिसते. अलिबाग सुरू झाल्यावर त्यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालल्या. अलिबागचा आकडा कुलाब्याच्या आकड्यापेक्षा किती वेगळा, हे त्यातून कळलं आणि जुनी रेघ नव्या रेघेला बेमालूम सांधता आली. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ साली. तोवर सांधा झालेला होता.

ही रेघ किती मोलाची, ते जवळजवळ शंभर वर्षांनी उमगलं. १ सप्टेंबर १८५९ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर पांढरा झगझगाट पाहिला. साडेसतरा तासांनी जे वादळ आलं त्यात अमेरिकेत बॅटरीशिवाय तारायंत्रं चालली. वादळाला नाव कॅरिंग्टन यांचं पडलं, पण त्यांच्याकडे त्याचं माप नव्हतं. इंग्लंडमधल्या यंत्रांच्या रेषा कागदाबाहेर गेल्या होत्या. कुलाब्याला मात्र लोक दुर्बिणीतून पट्टी वाचून हाताने आकडे लिहीत होते आणि वादळात तर दर काही मिनिटांनी लिहीत राहिले. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्स लाखिना आणि सहकाऱ्यांनी त्या नोंदी नव्याने वाचल्या: घसरण सुमारे १६०० नॅनोटेस्ला. १९८९च्या ज्या वादळाने कॅनडाच्या क्वेबेकमधली वीज नऊ तास घालवली, त्याचा आकडा ५८९.

१६०० हा आकडा ऐकून लगेच जगबुडीची भाकितं रंगवू नयेत. तो क्षणिक तळ आहे. तासाची सरासरी घेतली तर हजाराच्या आत येतो, आणि त्यातला किती वाटा त्या आकाशातल्या कड्याचा, किती दुसऱ्या प्रवाहांचा, यावर अजून वाद चालू आहे. वाद घालता येतो, कारण आकडे आहेत.

कुलाब्याच्या वहीतलं ते पान २ सप्टेंबर १८५९चं. मूस यांचा जन्म त्याच वर्षी, २९ ऑक्टोबरचा. तेव्हा पानावरची शाई आठ आठवड्यांची होती.