मोजलेली ओवी

वाद्यवृंदाने वाजवून थांबू नये, नाद कसा घडतो तेही लोकांना उलगडून दाखवावं, ही कल्पना पश्चिमेत जुनी आहे. 1962 साली न्यूयॉर्क फिलहार्मोनिक नव्या सभागृहात गेली, तेव्हा लेनर्ड बर्नस्टाइन यांनी मुलांसाठीचा एक अख्खा कार्यक्रम त्या सभागृहातल्या आवाजावर केला. आपल्याकडची वाट निराळी. ती पुण्याजवळच्या मुळशीच्या डोंगरवाड्यांतून गेली.

संगीत मोजायचा ध्यास मात्र आपल्याकडेही जुनाच. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचं गणित मांडलं ते 1910च्या सुमारास. त्यांच्या प्रयोगांसाठी अब्दुल करीम खाँ गात. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्यावर श्रुती-हार्मोनियम करवली, 1916च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, आणि संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांना काही ती पटली नाही. वाद जाणकारांचा होता, जाणकारांतच राहिला.

1980च्या दशकात मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात हे मोजमाप पुन्हा सुरू झालं. बर्नार्ड बेल या फ्रेंच संशोधकाने गायकाच्या स्वराची वारंवारता क्षणाक्षणाला टिपून तिचा आलेख काढणारं यंत्र बनवलं होतं. पुढे सुवर्णलता राव आणि विम व्हान डर मेर यांनी हे काम संगणकावर आणलं: ध्वनिमुद्रण वाजत असताना आलाप पडद्यावर रेघेच्या रूपाने सरकतो, आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नेमकं काय ते ज्याला सरगम येत नाही त्यालाही दिसतं. याच एनसीपीएत 2006 साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला. प्रयोगशाळा आणि वाद्यवृंद एका छपराखाली असण्याचं भाग्य फार थोड्या शहरांना लाभतं.

बेल मात्र तोवर पुण्याकडे वळले होते. तिथे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ हे दोघं 1980च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा करत होते. मूळ काम संगीताचं नव्हतंच. मावळ-मुळशीतल्या गरीब डोंगरी संघटनेत काम करताना बायका सभेत गप्प असतात आणि जात्यावर मात्र सासर, माहेर, सीता, बाबासाहेब, सगळ्यांविषयी बोलतात, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून ओव्या उतरवायच्या आणि त्यांवर त्याच बायकांसोबत बसून बोलायचं. नांदगाव, कोळवडे, लवार्डे ही मुळशीतली गावं त्यामुळे संशोधनाच्या नकाशावर आली. हा संग्रह पुढे हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून जास्त ओव्यांपर्यंत पोचला.

1990च्या दशकात बेल यांनी त्याचा संगणकीय साठा उभारला आणि डिजिटल टेपवर सुमारे 120 तासांचं ध्वनिमुद्रण केलं. मला या सगळ्यात मोलाची वाटते ती ही टेप. कागदावर ओवी दोन ओळींची, आटोपशीर. गाताना तीच ओवी तुटते, अर्धी ओळ परत येते, मध्ये ‘गं बाई’, ‘सई’ येतं, आणि चाल बरीचशी या भरीच्या शब्दांवरच पेलली जाते. उतरवून घेणारा नेमके तेच शब्द गाळतो! बेल यांनी पुढे बोलण्यातले आणि उत्स्फूर्त गाण्यातले स्वरांचे चढउतार शेजारी ठेवून अभ्यासले, तेव्हा या ओव्या उपयोगी पडल्या.

मुळशीची एक आठवण इथे टाळता येत नाही. 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीकर धरणाविरुद्ध लढले, हरले, आणि टाटांच्या त्या धरणाच्या पाण्यावर मुंबईला वीज मिळाली. पुढे यंत्राच्या गिरण्या गावोगावी पोचल्या तसं जातं कोपऱ्यात गेलं. ओवी थांबली ती कुणी बंदी घातली म्हणून नव्हे. हात मोकळे झाले म्हणून. त्या बायकांना पहाटे पुन्हा जात्याला बसवावं असं कोण म्हणेल?

पॉइटवाँ 2004 साली गेले, राईरकर 2010 साली. त्यांचा साठा ‘पारी’ या पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ग्रामीण पत्रकारितेच्या उपक्रमाकडे आला. 2017पासून नमिता वाईकर, जितेंद्र मैड आणि सहकाऱ्यांनी जुन्या गायिकांचा गावोगावी शोध घेतला, त्यांना पुन्हा गायला लावलं, आणि ओव्या चित्रफिती व अनुवादासह सगळ्यांसाठी खुल्या केल्या. जिने गायली तिचं नाव, तिचं गाव, तिचा फोटो ओवीसोबत आहे. देवलांच्या काळी हे सुचणंही अवघड होतं.

उणीव आहे ती चालीच्या बाजूला. ओव्या लाखभर आणि ध्वनिमुद्रण तासांत मोजण्याइतकं, म्हणजे बहुतेक ओव्यांचे नुसते शब्दच उरलेत. रागाची सरकती रेघ पडद्यावर दाखवणारं तंत्र आज साध्या संगणकावर चालतं. मुळशीतल्या पौडच्या एखाद्या शाळेत आजीची ओवी त्यावर लावून पाहायला मुंबईच्या सभागृहाची परवानगी लागत नाही. लागतात त्या गाणाऱ्या आज्या, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचं वय आता सत्तरीपलीकडे आहे.