पुन्हा करून पाहू (भाग ९) : बहात्तरचा सप्टेंबर कुठे गेला?

गेल्या आठवड्यात आपण आकडेमोडीच्या पायऱ्या स्क्रिप्टमध्ये आणल्या. आज त्याच्याही आधीची पायरी : फाइली उतरवून घेणं. हे काम सगळ्यांना क्षुल्लक वाटतं. मलाही वाटायचं, बहात्तरच्या सप्टेंबरने हिसका दाखवेपर्यंत.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांवर १९०१ पासून दरवर्षी किती पाऊस पडला, एवढंच आम्हाला काढायचं होतं. नीरा डाव्या कालव्याला १८८५ मध्ये पाणी आलं आणि कालव्याखालचा भाग बागायती झाला, पण सुपे-मोरगावकडचा जिरायती पट्टा अजून आभाळाकडेच बघतो. हा सगळा मुलूख पर्जन्यछायेतला. जून-जुलैत ढग नुसते वरून जातात. खरी भिस्त सप्टेंबरवर, परतीच्या पावसावर. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आकडे भारतीय हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाने तयार केलेले, म्हणजे जुने पुणेकर ज्याला सिमला ऑफिस म्हणतात तिथले. देशभरातल्या ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदींवरून त्यांनी पाव अंशाची जाळी विणली आहे. उत्तर-दक्षिण १२९ बिंदू, पूर्व-पश्चिम १३५, एकूण १७,४१५. दर वर्षाची एक फाइल. फाइलमध्ये ना मथळा, ना तारखा. १ जानेवारीपासून ओळीने नुसते आकडे. प्रत्येक आकडा ४ बाइटचा, म्हणजे एका दिवसाला ६९,६६० बाइट.

माझी पहिली स्क्रिप्ट वीस ओळींची होती. वर्ष घ्या, फाइल मागवा, डिस्कवर लिहा, अडचण आली तर पुढच्या वर्षाकडे जा. आणि ‘फाइल आधीच असेल तर पुन्हा आणू नका’ ही माझ्या मते हुशारीची ओळ. सोलापूर रस्त्यावर एसटीत बसून, मोबाइलच्या इंटरनेटवर मी ती चालवली. भिगवणच्या आसपास रेंज गेली, आली. घरी पोचल्यावर स्क्रिप्ट पुन्हा चालवली, तर म्हणाली, सगळ्या फाइली आहेत.

तक्त्यात १९७२ चा आकडा फारच खाली दिसला. पण बहात्तरचा दुष्काळ! त्या वर्षी आकडा खालीच असणार, म्हणून शंका घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. वर्षभराने एका विद्यार्थिनीने तोच प्रकल्प तिच्या संगणकावर नव्याने चालवला आणि बाकी सगळी वर्षं जुळली, बहात्तर जुळेना. माझी फाइल १ कोटी ७० लाख बाइटच्या आसपास तुटली होती. ६९,६६० ने भागून बघा : २४४ दिवस. बहात्तर लीप वर्ष, म्हणजे ३१ ऑगस्ट. ज्या महिन्यावर या तालुक्यांची भिस्त, नेमका तोच गायब. दुष्काळ खरा होता, पण त्यात माझ्या स्क्रिप्टने स्वतःची भर घातली होती.

रेंज जायचीच, ती चूक नव्हे. फाइल आहे म्हणजे ती पूर्ण आहे, असं धरून चालणं ही चूक. ऊस आला म्हणून कुठला कारखाना ट्रॉली सरळ गव्हाणीत रिकामी करत नाही, आधी काटा होतो. आता आमची स्क्रिप्ट फाइल उतरत असताना तिला ‘अपूर्ण’ असं शेपूट लावून वेगळ्या नावाने ठेवते. उतरून झाली की वजन. साध्या वर्षाला २,५४,२५,९०० बाइट, लीप वर्षाला २,५४,९५,५६०. एक बाइट इकडेतिकडे असला तरी फाइल बाद. वजन भरलं तरच खरं नाव मिळतं. मध्येच वीज गेली तरी अर्धवट फाइल खऱ्या नावाने कधीच दिसत नाही.

याच काट्याने आणखी एक सोंग पकडलं. एका संकेतस्थळावरून (नाव सोडून देतो) झिप फाइल मागवली, सर्व्हरने २०० हा ‘सगळं ठीक’ असा संकेत दिला आणि फाइलच्या जागी ‘देखभालीचे काम सुरू आहे’ असं पान पाठवलं. वजन केलं नसतं तर स्क्रिप्टने ते मुकाट्याने झिपच्या नावाने ठेवलं असतं. कर्ल वापरणाऱ्यांनी ‘फेल’ हा पर्याय लावावाच, नाहीतर ४०४ चं पानसुद्धा तुमच्या फाइलच्या नावाने जमा होतं. पण सर्व्हरच खोटं बोलला तर तो पर्याय काय करणार? तिथे वजनच कामाला येतं.

मात्र वजनावरून उतारा कळत नाही. तेवढ्याच बाइटची, पण आतून बदललेली फाइल येऊ शकते. आकडे देणारे जुन्या नोंदी सुधारतात, तो त्यांचा हक्कच आहे. त्यासाठी चेकसम, म्हणजे फाइलचा अंगठा. शा-२५६ पद्धतीने काढला तर ६४ अक्षरं येतात आणि आत एक बाइट बदलला तरी ती पार वेगळी निघतात. पत्ता, तारीख, वजन आणि अंगठा अशी एक ओळ दर फाइलमागे साध्या यादीत लिहितो आणि ती यादी स्क्रिप्टसोबत गिटमध्ये ठेवतो. अंगठा जुळला नाही तर स्क्रिप्ट जुन्या फाइलला हात न लावता थांबते आणि आम्हाला विचारते. अंगठा जुळला म्हणजे आकडे बरोबर, असं मात्र समजू नका. फाइल तीच आहे, एवढंच तो सांगतो. माझ्या तुटक्या बहात्तरचा अंगठा वर्षभर इमानाने जुळलाच असता.

पुन्हा प्रयत्न करण्याचं थोडक्यात : सर्व्हर दमला असेल (५०३) तर २, ४, ८, १६ सेकंद थांबत जा. ४०४ आला तर दार वाजवत बसू नका, पत्ताच बदललाय. सव्वाशे फाइली एका दमात ओढू नका, तो सर्व्हर इतरांचाही आहे.

तुमच्यापैकी कुणी हे आकडे वापरत असाल, तर हा अंक बाजूला ठेवा आणि १९७२ च्या फाइलचं वजन आत्ताच बघा. २,५४,९५,५६० भरलं नाही तर फाइल पुन्हा उतरवा, आणि जुना तक्ता ज्यांना पाठवला असेल त्यांनाही कळवा. आम्हाला अकरा जणांना कळवावं लागलं.